भंगारातली खुर्ची आणि डेडस्टॉकचा नंबर

खुर्ची म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा राजकारण आठवतं. कोण बसलं, कोण उठलं, कुणाची डळमळायला लागली. आज मला खऱ्याखुऱ्या खुर्चीबद्दल लिहायचंय. चार पायांची, लाकडाची, सरकारी पैशातून घेतलेली खुर्ची. तिच्यावर बसणाऱ्यांचा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण ती कुणी आखली, कुणी बनवली आणि शेवटी कुणी कितीला विकली, हे विचारलं तर कागद सापडत नाही. कागद नसला की काय होतं, याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं आहे. पोस्ट लांबलचक आहे मंडळी, पण चंदीगडहून निघून ती आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही. मग शिवालिकच्या पायथ्याशी नवीन शहर वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि त्यांचे पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा होता. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडे आलं. कॉर्बुझिए वर्षातून साधारण दोनदा यायचे, पाहणी करायचे आणि परत जायचे. जागेवर राहून शहर उभं करणारा माणूस वेगळा होता: त्यांचा चुलतभाऊ पिएर जनरे. हा गृहस्थ १९५१ पासून १९६५ पर्यंत चंदीगडमध्येच राहिला. १९६७ साली जिनिव्हात वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली गेली. सेक्टर ५ मधलं त्याचं घर आज संग्रहालय आहे.

आता विचार करा. सचिवालय, हायकोर्ट, विधानसभा, विद्यापीठ, कॉलेजं, शाळा, दवाखाने आणि हजारो कर्मचाऱ्यांची घरं, हे सगळं एकदमच बांधलं जात होतं. एवढ्या इमारतींत बसायचं कशावर? आज आपण फोन उचलून दोनशे खुर्च्या मागवतो. तेव्हा तसा बाजारच नव्हता. परदेशातून मागवायला परकीय चलन नव्हतं. लोखंड आणि सिमेंट जपून वापरायचा काळ होता. मुबलक दोनच गोष्टी होत्या, लाकूड आणि हातानं काम करणारी माणसं.

जनरे आणि त्याच्या कचेरीतल्या भारतीय वास्तुविशारदांनी मग फर्निचरही आखायला घेतलं. साहेबाची खुर्ची, कारकुनाची खुर्ची, वाचनालयाचं टेबल, कोर्टातली बाकं, फायलींचे रॅक, वसतिगृहातली कॉट. प्रत्येकाचं रेखाटन वेगळं, पण घराणं एक. सागवानाची जाड चौकट, बसायला आणि टेकायला वेताचं विणकाम. खुर्चीचे पाय म्हणजे कंपासपेटीतलं कर्कटक उघडून उभं केल्यासारखे, वर जुळलेले आणि खाली फाकलेले. दिसायला वेगळं दिसावं म्हणून एवढा खटाटोप नव्हता. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, वेतातून हवा खेळते म्हणून उन्हाळ्यात पाठ भिजत नाही, आणि असा पाय साध्या करवतीनं, पटाशीनं, रंध्यानं कुठलाही सुतार करू शकतो. फाकलेल्या पायामुळे खुर्ची ओढली, ढकलली, मागं रेलून झुलवली तरी लवकर मोडत नाही. सरकारी कचेरीत खुर्चीचे काय हाल होतात ते आखणाऱ्यांना ठाऊक होतं!

या आखणाऱ्यांत एक नाव आवर्जून घ्यायला हवं. ऊर्मिला युली चौधरी. सिडनीत शिकून आलेल्या, फ्रेंच उत्तम येणाऱ्या, १९५१ पासून या कामात असलेल्या. वाचनालयाची खुर्ची आणि इतर काही फर्निचर आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्या पंजाब आणि हरियाणाच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. पण आज जगाच्या बाजारात त्या खुर्च्या बहुतेक वेळा फक्त ‘जनरे’ या नावानं विकल्या जातात.

आणि बनवणारे? रेखाटनं कचेरीतून निघायची, काम स्थानिक कंत्राटदारांकडे जायचं आणि त्यांच्या कारखान्यांतले सुतार खुर्च्या बनवायचे. एकच रेखाटन अनेक कारखान्यांत गेल्यामुळे दोन सारख्या खुर्च्यांत इकडंतिकडं अर्ध्या इंचाचा फरक सापडतो. एकाही सुतारानं आपलं नाव लाकडावर कोरलं नाही, कोरू दिलंही नसतं. खुर्चीवर लिहिलं गेलं ते एवढंच: खात्याचं आद्याक्षर आणि नंबर. छाप्यावर ब्रश फिरवून रंगवलेला डेडस्टॉक नंबर. आपल्या शाळेत, तहसील कचेरीत असतो, अगदी तस्साच.

१ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबचं विभाजन झालं. हरियाणा वेगळं राज्य झालं, चंदीगड केंद्रशासित झालं आणि दोन्ही राज्यांची राजधानीही राहिलं. म्हणजे एकाच शहरातलं फर्निचर तीन सरकारांत आणि एका विद्यापीठात विभागलं गेलं. इमारती सगळ्यांना दिसत होत्या, त्यामुळे त्यांच्यावर भांडणंही झाली. खुर्च्यांवर कोण भांडणार? प्रत्येक कचेरीच्या रजिस्टरमध्ये ती फक्त ‘खुर्ची लाकडी, नग अमुक’ एवढीच होती.

पुढं जे झालं ते आपल्याला नवीन नाही. फिरत्या खुर्च्या आल्या, फोमच्या गाद्या आल्या, सनमायकाची टेबलं आली. वेत तुटला की विणून घेण्यापेक्षा नवीन खुर्ची मागवणं सोपं वाटायला लागलं. जुन्या खुर्च्या आधी व्हरांड्यात, मग जिन्याखाली आणि शेवटी गच्चीवर गेल्या. पाऊस खाल्ला, ऊन खाल्लं. ऑडिटच्या वेळी कुणीतरी विचारलं, हे काय पडलंय? मग निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची सही आणि लिलाव. भंगारवाले आले, घाऊक भावात ढीग उचलून घेऊन गेले.

१९९० च्या दशकाच्या शेवटाकडं आणि त्यानंतर या भंगारवाल्यांकडं आणि लिलावांत वेगळेच गिऱ्हाईक दिसायला लागले. फ्रान्समधले जुन्या वस्तूंचे व्यापारी. त्यांना कॉर्बुझिए माहीत होता, जनरे माहीत होता. त्यांनी रीतसर बोली लावून, पावती घेऊन, कंटेनर भरून खुर्च्या युरोपात नेल्या. तिथं दुरुस्ती झाली, नवा वेत भरला, पॉलिश झालं. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या दालनांत त्या मांडल्या गेल्या. मोठ्या लिलावगृहांच्या कॅटलॉगमध्ये त्यांचे फोटो आले. इथं ढिगानं गेलेल्या खुर्च्यांपैकी एकेकीला तिथं लाखांत बोली लागायला लागली. अमेरिकन तारे-तारकांच्या घरांच्या फोटोंत त्या दिसू लागल्या. खुर्च्याच काय, शहराचा नकाशा कोरलेली बिडाची मॅनहोलची झाकणंसुद्धा लिलावात पोचली. गटाराचं झाकण!

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट आता सांगतो. बाजारात नकला आल्यावर गिऱ्हाईक विचारायला लागलं, ही खुर्ची खरी कशावरून? तेव्हा पुरावा म्हणून पुढं काय आलं? तोच डेडस्टॉक नंबर. कुणा कारकुनानं रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून खुर्चीच्या मागं उमटवलेली ती अक्षरं. दुरुस्ती करणारे बाकी सगळं लाकूड घासतात, पण ती अक्षरं जपतात. कॅटलॉगमध्ये त्यांचा वेगळा फोटो छापतात. आपल्या रजिस्टरमध्ये त्या नंबरावर ‘निर्लेखित’ असा शेरा मारून आपण मोकळे झालो, आणि त्याच नंबरानं पॅरिसमध्ये खुर्चीचं मोल ठरलं.

एमी सीगल नावाच्या अमेरिकन कलावतीनं २०१३ साली यावर ‘प्रोव्हेनन्स’ हा चित्रपट केला. त्यात प्रवास उलटा आहे. आधी श्रीमंतांची घरं, मग लिलाव, मग दुरुस्तीचे कारखाने, मग बंदर, आणि शेवटी चंदीगडच्या कचेऱ्या. नंतर तिनं हा चित्रपटच लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात विकायला ठेवला आणि तो विकलाही गेला.

सरकारला जाग आली ती २०११ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला की चंदीगडचं हे वारसा फर्निचर विकू नये, लिलावात काढू नये, देशाबाहेर जाऊ देऊ नये. त्यानंतर शिरगणती झाली आणि बारा हजारांहून जास्त वस्तूंची यादी तयार झाली. २०१६ साली युनेस्कोनं चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तरीही परदेशात लिलाव चालूच आहेत. कारण जे आधी पावतीनिशी गेलं ते कायद्यानं परत मागता येत नाही. शिवाय आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे १०० वर्षं जुन्या वस्तूंनाच लागू होतो, हस्तलिखितांना ७५. म्हणजे १९५५ ची खुर्ची पुरावस्तू ठरणार २०५५ साली. तोपर्यंत ती कायद्याच्या नजरेत फक्त जुनी खुर्ची.

याच कायद्यात एक दुसरं दारही आहे. वस्तू शंभर वर्षांची नसली तरी, कलावंत हयात नसेल आणि कलेच्या दृष्टीनं तिचं मोल असेल, तर सरकार तिला ‘कलानिधी’ म्हणून जाहीर करू शकतं. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांची चित्रं अशाच तरतुदीमुळे देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. चित्राला जे संरक्षण मिळू शकतं ते खुर्चीला का नाही, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण चित्राखाली सही असते. खुर्चीखाली नंबर असतो.

परदेशी व्यापाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आम्ही चोरी केली नाही. तुम्ही विकलंत, आम्ही घेतलं. आम्ही घेतलं नसतं तर हे सागवान शेकोटीत गेलं असतं. खरं सांगायचं तर या बोलण्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. ज्याला मोल कळलं त्यानं घेतलं. आपल्याकडच्या निर्लेखन समितीतली माणसंही वाईट नव्हती. त्यांच्यापुढच्या कागदावर रकानेच तेवढे होते: वस्तूचं नाव, नग, खरेदीची तारीख, किंमत, घसारा, शेरा. कुणी आखलं, कुणी बनवलं, कुठल्या लाकडाचं, असा रकानाच नाही. रकाना नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून भंगार. माझा राग कुणा एका माणसावर नाही, त्या कोऱ्या राहिलेल्या जागेवर आहे.

आता आपल्याकडं येऊ.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांतलं कितीतरी फर्निचर तुरुंगात बनलेलं आहे. येरवडा, नाशिक रोड इथल्या कारागृहांत सुतारकाम चालतं आणि तिथलं सामान सरकारी खात्यांना जातं. म्हणजे ज्या टेबलावर न्यायाची फाईल सरकते ते टेबल शिक्षा भोगणाऱ्या हातांनी रंधलेलं असू शकतं. हा इतिहास आहे की नाही? पण टेबलावर नंबर सोडून काही लिहिलेलं नसतं.

वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम आपल्याकडं अनेक वर्षं अंध कारागिरांचं होतं. अंधशाळांतून ते शिकवलं जायचं, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत त्यासाठी माणसं नेमली जायची. आमच्या गावातल्या कचेरीत असे एक काका यायचे. खुर्ची मांडीशी घेऊन बोटांनी छिद्रं मोजत जायचे, बोलत असायचे पण वेत चुकायचा नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ते काम संपलं. खुर्ची बदलली की नुसती खुर्ची बदलत नाही, तिच्यावर पोट असलेलं माणूसही हलतं. सुतार हा आपल्या बारा बलुतेदारांतला एक. त्याच्या हातचं काम आज फ्लॅटमध्ये प्लायवूड कापण्यावर आलंय. कोर्टाचं बाक, शाळेचं टेबल, वाचनालयाचं कपाट ही त्याच्या जुन्या कसबाची शिल्लक आहे, आणि तीच आपण लिलावात काढतो.

उलट उदाहरणंही आपल्याच राज्यात आहेत. मुंबई-पुण्याच्या इराण्याच्या हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची आठवा. तिचं मूळ मिशाएल थोनेट या सुताराच्या कारखान्यात आहे. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं तंत्र त्यानं पक्कं केलं आणि १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग आणि दहा स्क्रू. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून त्या बोटीनं जगभर गेल्या. अशा खुर्च्यांच्या बैठकीखाली कारखान्याचा शिक्का किंवा कागदी लेबल असायचं. म्हणून आजही चोरबाजारात जाणकार माणूस आधी खुर्ची उलटी करून बघतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका सुताराचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्या लेबलामुळे.

दुसरं उदाहरण गोदरेजचं. १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासून सुरुवात केलेल्या या कंपनीनं १९२३ मध्ये पोलादी कपाट आणलं. पुढं घराघरात ‘गोदरेज’ म्हणजेच कपाट झालं. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून जास्त मतपेट्या बनल्या. हे आपल्याला आज आकड्यानिशी सांगता येतं, कारण कंपनीनं आपले कागद, फोटो, जाहिराती जपल्या आणि २००६ मध्ये विक्रोळीला रीतसर अभिलेखागार काढलं. खासगी कंपनी स्वतःच्या कपाटाचा इतिहास जपते. मग तेवढ्याच काळाचं फर्निचर वापरणारं सरकार, महापालिका, जिल्हा परिषद का जपू शकत नाही?

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या लिलावाच्या नोटिसा वाचत असतो. जुने लाकडी सामान, जसे आहे तसे, जेथे आहे तेथे. एकदा कुतूहलानं असाच एक ढीग बघायला गेलो. सागवानी कपाटाची दारं, फिरतं पुस्तकांचं स्टँड, हातांना गुळगुळीत झालेली बाकं. कपाटाच्या एका फळीमागं पेन्सिलीनं लिहिलेली मापं होती, मोडीसारख्या वळणदार आकड्यांत. कुणा मिस्त्रीनं लिहिलेली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि सगळं गेलं. चंदीगडसारखं त्यातलं काही जगप्रसिद्ध नसेलही. पण तपासलं कुणी?

सगळं जुनं जपून ठेवा असं मी म्हणत नाही. कचेरीत कामाला चांगल्या खुर्च्या हव्यातच, कर्मचाऱ्यांच्या पाठी महत्त्वाच्या आहेत. मागणी छोटी आहे आणि तिला पैसाही फारसा लागत नाही.

एक, पन्नास वर्षांपेक्षा जुनं लाकडी सामान निर्लेखित करण्याआधी त्याचा फोटो काढा, मापं घ्या, नंबर नोंदवा. रजिस्टरमध्ये लाकूड, बनवणारा, आखणारा असे तीन रकाने वाढवा. माहिती नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, पण जागा ठेवा.

दोन, निर्लेखन समितीत बाहेरचा एक जाणकार घ्या. वास्तुकलेच्या कॉलेजचा शिक्षक चालेल, जुना सुतारही चालेल. जुना सुतार जास्त चालेल.

तीन, प्रत्येक प्रकारातला एक नग तिथंच, त्याच इमारतीत, वापरात ठेवा. संग्रहालयाची वाट बघू नका.

चार, दुरुस्तीचा खर्च मंजूर करायची सोय करा. मोडकी खुर्ची विकणं सोपं आणि विणून घेणं अवघड, असा नियम असेल तर कुठलाही अधिकारी सोपं तेच करणार.

आणि आपण काय करायचं? तुम्ही शाळेत, कचेरीत, ग्रंथालयात, संस्थेत कुठंही असाल, तर उद्या एक जुनी खुर्ची उलटी करून बघा. खाली नंबर असेल, शिक्का असेल, कदाचित पेन्सिलीची खूण असेल. फोटो काढा, जागा आणि साल लिहा, आणि तिथल्या एखाद्या निवृत्त शिपायाला किंवा मिस्त्रीला विचारा की हे कुणी बनवलं होतं. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येईल. मला पाठवलंत तर मी यादी करायला घेतो. आपल्या तालुक्यापासून सुरुवात करू.